‘त्यांच्यात असंच असतं’

ताई, मी न्यू जर्सीत मेडिकल बिलिंगच्या एका कंपनीत टीम लीड आहे. कंपनीत दीडशेच्या आसपास माणसं, माझ्या हाताखाली अठरा. त्यातली एक कृष्णवर्णीय मुलगी, तिला ‘द’ म्हणते. दोन वर्षं झाली तिला, कामात चोख. फेब्रुवारीपासून तिला उशीर व्हायला लागला, फोन घेऊन मधेच बाहेर जाणं वाढलं. तिचा जोडीदार दोनदा पार्किंगमध्ये गाडीत बसलेला मी पाहिला. एकदा बाथरूममध्ये ती मानेला कन्सीलर लावत होती आणि आरशात आमची नजरानजर झाली. मग तिनेच सांगितलं. मी एचआरकडे गेले. ते म्हणाले, पोलिस रिपोर्ट आहे का? अंगावर खुणा तर दिसत नाहीत. आणि आम्हाला ऑफिसात ड्रामा नको. तिचे उशिराचे सात पॉइंट झालेत, या गुरुवारी लेखी वॉर्निंग आहे. आठ झाले की नोकरी जाते.

गेल्या वर्षी आमच्याच मजल्यावरच्या एका गोऱ्या मुलीच्या घरी हेच झालं होतं. तिला महिनाभर घरून काम दिलं, दाराजवळ पार्किंग दिलं, मदतीसाठी कार्ड फिरलं. मीही वीस डॉलर घातले. तिच्याकडे कुणी कागद मागितला नाही. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, “अगं, त्यांच्यात असंच असतं, तू कशाला मधे पडतेस?” नवऱ्याचंही तेच मत. मी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, ग्रीन कार्डच्या रांगेत. काय करू?

– एक वाचक

---

तुझ्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘मान’ आहे, आणि तो तू आरशाच्या ओघात लिहून पुढे गेलीस. आधी त्याचं बघू. एचआर आणि सासूबाई थांबतील.

मानेवर नेमकं काय झालं ते तुला माहीत नाही, मला तर नाहीच. पण जोडीदाराने गळा आवळला असेल तर ती इतर मारहाणीसारखी आणखी एक मारहाण नव्हे. जॅकलीन कॅम्पबेल या नर्स आणि संशोधिकेने १९८५ साली एक प्रश्नावली तयार केली. बाईच्या जिवाला किती धोका आहे हे तिच्यावरून जोखायचं असतं, आणि अमेरिकेत आजही ती वापरात आहे. घरात बंदूक आहे का, तो पाळत ठेवतो का, तू त्याला नुकतंच सोडलंस का, त्याने कधी गळा दाबलाय का, असे प्रश्न त्यात असतात. गळ्याचा प्रश्न उगाच नाही. बाहेरून एक ओरखडा नसतानाही आतल्या रक्तवाहिनीला इजा झालेली असू शकते, आणि त्रास दोन दिवसांनीसुद्धा सुरू होतो. घोगरा आवाज, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके यांतलं काही असेल तर तिने त्याच दिवशी इमर्जन्सीत जायला हवं.

हे प्रश्न तू तिला विचारू नकोस. तू तिची लीड आहेस, तिच्या पॉइंटांचा हिशेब तुझ्या हातात आहे. अशा माणसाला खरं उत्तर देणं अवघड असतं. विचारण्यासाठी शिकलेली माणसं आहेत. नॅशनल डोमेस्टिक व्हायोलन्स हॉटलाइन १९९६ पासून चालू आहे, चोवीस तास: १-८००-७९९-७२३३. नंबर चिठ्ठीवर लिहून तिच्या हातात देऊ नकोस, ती चिठ्ठी पर्समध्ये सापडते. छोट्या कॉन्फरन्स रूममधला फोन तिला अर्धा तास मोकळा करून दे आणि तू बाहेर थांब. तिच्या स्वतःच्या मोबाइलवरून नको. पार्किंगमध्ये येऊन बसणारा माणूस मोबाइलही बघत असणार हे धरून चाल.

आता खुणांबद्दल. ‘खुणा दिसत नाहीत’ हे वाक्य वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. सावळ्या आणि काळ्या कातडीवर वळ साध्या ट्यूबलाइटच्या उजेडात बऱ्याचदा नीट दिसत नाही. म्हणून फॉरेन्सिक नर्स, म्हणजे पुराव्यासाठी इजा तपासायला शिकलेल्या नर्स, वेगळ्या रंगाचा प्रकाश वापरून तो शोधतात. तुमच्या एचआरच्या बाईंना गोऱ्या मुलीच्या दंडावरचा निळा डाग पलीकडच्या टेबलावरून दिसला असेल आणि ‘द’चा समोर बसूनही दिसला नसेल. त्यात त्यांचा दुष्टपणा असेलच असं नाही. पण वॉर्निंगचा निर्णय त्या न दिसण्यावर उभा राहतोय.

पोलिस रिपोर्टाचंही तेच. न्यू जर्सीत ‘सिक्युरिटी अँड फायनान्शियल एम्पॉवरमेंट ॲक्ट’ नावाचा कायदा आहे, सगळे ‘सेफ ॲक्ट’ म्हणतात. तो १ ऑक्टोबर २०१३ पासून लागू आहे. २५ किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत जिने बारा महिने आणि हजार तास काम केलंय, तिला घरगुती हिंसेच्या कारणासाठी वर्षात २० दिवसांची रजा मिळते. बिनपगारी आहे, पण नोकरी राखून. डॉक्टरकडे जायला, समुपदेशनाला, घर बदलायला, वकिलाकडे, कोर्टात. सलग घ्यायची सक्ती नाही, एकेक दिवस सुटा घेता येतो. घटना घडल्यापासून वर्षाच्या आत वापरायची. तुमची कंपनी दीडशेची, तिला दोन वर्षं झालेली. ती बसते यात.

आणि कागद? कंपनी कागद मागू शकते, ते कायद्यातच आहे. पण कुठला, याची यादीही कायद्यातच आहे. कोर्टाचा मनाई हुकूम चालतो, डॉक्टरचा कागद चालतो, मान्यताप्राप्त संस्थेतल्या घरगुती हिंसा विशेषज्ञाचं पत्र चालतं. शेल्टरमधल्या कार्यकर्तीचं, सोशल वर्करचं, इतकंच काय चर्चच्या पाद्र्याचंही पत्र चालतं. म्हणजे पोलिस रिपोर्ट नाही म्हणून काहीच नाही, हे एचआरचं म्हणणं चूक आहे. त्यांना हे माहीत नसेल. मी स्वतः या देशात अकरा वर्षं एका मोठ्या संस्थेच्या एचआरमध्ये बसले. आमच्या भिंतीवर या कायद्याची नोटीस लावलेली होती, कॉफी मशीनच्या मागे. ती वाचणारं माणूस मी एकही पाहिलं नाही, आणि पहिली दोन वर्षं मीही ती वाचली नव्हती.

पोलिसांना न बोलावण्याला तिची कारणं असतील, आणि ती आपल्या ‘लोक काय म्हणतील’पेक्षा वेगळी असू शकतात. न्यू जर्सीत इजेच्या खुणा दिसल्या तर पोलिसांना अटक करावीच लागते. स्वतःचा बचाव करणाऱ्याला त्यात धरू नये असंही कायदा सांगतो, पण दारात उभ्या असलेल्या पोलिसाला कोण मारणारं आणि कोण बचाव करणारं वाटेल, ही जोखीम सगळ्या बायकांना सारखी नसते. फ्लोरिडातल्या मरिसा अलेक्झांडरची गोष्ट अनेक कृष्णवर्णीय बायकांना ठाऊक आहे. २०१० मध्ये मारकुट्या नवऱ्यासमोर तिने इशाऱ्याची एक गोळी झाडली, कुणाला लागली नाही. २०१२ मध्ये तिला वीस वर्षांची शिक्षा झाली. पुढे ती शिक्षा रद्द झाली, तडजोड झाली, आणि २०१७ मध्ये ती पुरती मोकळी झाली. अशा गोष्टी ऐकत मोठी झालेली बाई पोलिसांना बोलावायचा ९११ नंबर फिरवण्याआधी दहादा विचार करते. एचआर मात्र त्या न केलेल्या फोनलाच ‘पुरावा नाही’ म्हणतं.

आता तुझ्या ऑफिसातल्या त्या दोन मुलींकडे येऊ. गोरीला जे मिळालं ते चांगलंच होतं, तिचं काढून घ्यावं असं कुणी म्हणणार नाही. पण तिला जे मिळालं ते नियमाने मिळालं नाही, मर्जीने मिळालं. कुणाला तरी तिच्यात आपली धाकटी बहीण दिसली. ‘द’मध्ये त्यांना तशी बहीण दिसली नाही. दिसली ती उशिरा येणारी, फोनवर बाहेर जाणारी, ‘ॲटिट्यूड’वाली. कृष्णवर्णीय बायकांबद्दल इथे एक कौतुकाचा शब्दही फिरतो, ‘स्ट्राँग’. कौतुकच ते, पण कणखर आहे म्हटलं की मदत करायची कुणाला गरज वाटत नाही. मदत मर्जीवर सोडली की ती ओळखीच्या चेहऱ्याकडे वळते. माझा या विषयातला सगळा अनुभव या एका वाक्यात येतो, आणि म्हणूनच मी तुला कार्ड फिरवायला सांगणार नाही, नियम मागायला सांगणार आहे.

आणि गरज कुणाला जास्त आहे? सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने २०१० मध्ये देशभर सर्वेक्षण केलं. जोडीदाराकडून बलात्कार, मारहाण किंवा पाठलाग यांपैकी काहीतरी आयुष्यात कधी ना कधी झालेल्या गोऱ्या बायका ३४.६ टक्के निघाल्या, कृष्णवर्णीय ४३.७ टक्के. अमेरिकेतल्या मूळनिवासी बायका ४६ टक्के. सीडीसीनेच २०१७ मध्ये अठरा राज्यांतल्या २००३ ते २०१४ या काळातल्या स्त्रियांच्या खुनांचा हिशेब मांडला. निम्म्याहून जास्त खून जोडीदाराच्या हिंसेशी जोडलेले होते. लाखामागे खुनाचं प्रमाण कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये ४.४, गोऱ्यांमध्ये १.५. जिच्या जिवाला जास्त धोका, तिलाच कागद जास्त मागितले जातायत.

हे आकडे सासूबाईंना वाचून दाखवू नकोस. त्या म्हणतील, “बघ, मी म्हटलं नव्हतं?”

‘त्यांच्यात’ हा शब्द मला लहानपणापासून ओळखीचा आहे. साताऱ्याला आमच्याकडे धुण्याभांड्याला एक बाई यायच्या. एकदा त्या डोळा सुजवून आल्या. आजीने हळद उगाळून लावली, गरम चहा दिला, ओट्याशी बसवलं. बाई दोन दिवस येऊ शकल्या नाहीत. महिन्याच्या शेवटी आजीने दोन खाडे कापले. मी विचारलं तर म्हणाली, “त्यांच्यात हे चालायचंच, म्हणून आपण खाडे सोडायचे का?” त्याच वाड्यात माडीवरच्या काकूंना काका मारायचे, ते सगळ्या वाड्याला ऐकू यायचं. काकूंबद्दल ‘आपल्यात असंच असतं’ असं कुणी म्हटलं नाही. तिथे सगळ्यांनी रेडिओचा आवाज वाढवला. तुमच्या एचआरने वापरलेला पॉइंट म्हणजे आजीचा खाडाच, फक्त सॉफ्टवेअरमध्ये बसवलेला.

आणि ‘आपल्यात’ कमी असतं म्हणून फुशारकी नको. त्याच २०१० च्या सर्वेक्षणात आशियाई बायकांचा आकडा सगळ्यांत कमी होता, १९.६ टक्के. पण ते सर्वेक्षण फोनवर झालं, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये. न्यू जर्सीत आपली वस्ती असलेल्या एडिसनच्या एखाद्या अपार्टमेंटमध्ये नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, इंग्रजीत अडखळणारी, फोन नवऱ्याच्या नावावर असलेली मुलगी त्या आकड्यात कुठून येणार? आपल्याच बायकांसाठी ‘मानवी’ ही संस्था न्यू जर्सीत १९८५ मध्ये सुरू झाली. अमेरिकेतली दक्षिण आशियाई स्त्रियांसाठीची या कामातली ती पहिली संस्था. आपल्यात असं काही नसतं तर ती कशाला निघाली असती?

थोडं रागावते. तू एचआरकडे गेलीस ती ‘द’ला विचारून गेलीस का? पत्रात तसं दिसत नाही. आणि सासूबाईंना का सांगितलंस? सेफ ॲक्टखाली ही माहिती कंपनीने काटेकोर गुप्त ठेवायची असते, आणि टीम लीड म्हणजे कंपनीच. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत भाजी घेताना अशी गोष्ट किती वेगाने फिरते हे तुला मी सांगायला नको. मी तुझ्या पत्रातले दोन-तीन तपशील बदललेत, तुला कळले असतील. यापुढे प्रत्येक पाऊल तिला विचारून. ‘त्याला सोड’ हा सल्लाही देऊ नकोस. सोडायच्या वेळीच धोका सगळ्यात वाढतो, आणि तो दिवस कधी ते तिला तुझ्यापेक्षा चांगलं कळतं.

गुरुवारच्या आत काय करायचं? तिला एकटीला भेट, पाच मिनिटं. “तुला अशी रजा आहे, पोलिस रिपोर्ट लागत नाही, पत्र हॉटलाइनवरून कळेल त्या स्थानिक संस्थेकडून मिळू शकतं. मी तुझ्यासाठी एचआरला लिहू का, की तू लिहितेस?” इतकंच. ती नको म्हणाली तर नको. हो म्हणाली तर मेल लिही. फोन नाही, मेल. त्यात रंग, अन्याय, भेदभाव यांतला एकही शब्द पहिल्या मेलमध्ये नको. असं काहीसं: “माझ्या टीममधल्या एका व्यक्तीला सेफ ॲक्टखालची रजा हवी आहे. कुठले कागद लागतील ते कायद्याप्रमाणे कळवावं. तोवर गुरुवारची मीटिंग पुढे ढकलावी. याआधी अशाच परिस्थितीत दिलेल्या सोयी, म्हणजे घरून काम आणि दाराजवळचं पार्किंग, इथेही मिळाव्यात.” गोऱ्या मुलीचं नाव घेऊ नकोस, तिचंही गुपित गुपितच. ‘याआधी’ हा एक शब्द पुरतो. एचआरमध्ये बसलेल्या माणसाला तो बरोबर ऐकू येतो.

जुने सात पॉइंट आपोआप पुसले जात नाहीत, खोटी आशा दाखवू नकोस. मात्र न्यू जर्सीत २०१८ पासून कमावलेली आजारपणाची रजा आहे, तीस तासांमागे एक तास, वर्षाला चाळीस तासांपर्यंत. ती पगारी आहे, घरगुती हिंसेसाठीही चालते, आणि ती घेतली म्हणून पॉइंट लावता येत नाही. तिचे किती तास शिल्लक आहेत ते बघ. जास्त दिवस लागले तर राज्याच्या फॅमिली लीव्ह इन्शुरन्समधून पगाराच्या ८५ टक्क्यांपर्यंत मिळू शकतात, वर मर्यादा आहे. जुन्या पॉइंटांसाठी तिने लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सी या कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेला फोन करावा. सेफ ॲक्टखाली दावा करायला एक वर्षाची मुदत असते, राज्याच्या सिव्हिल राइट्स डिव्हिजनकडे वंशभेदाची तक्रार करायला १८० दिवसांची. आणि ‘ड्रामा’ म्हणणाऱ्यांसाठी एक गंमत. समान रोजगार संधी आयोगाने, म्हणजे ईईओसीने, २०१२ मध्ये हिंसेला तोंड देणाऱ्या कर्मचाऱ्यांबद्दल प्रश्नोत्तरं काढली. त्यात भेदभावाचं एक उदाहरण आहे: मारहाण होणाऱ्या बायका ऑफिसात ‘ड्रामा’ आणतात म्हणून एकीला काढणारा मालक. तुमच्या एचआरने नेमका तोच शब्द निवडला. कधी, कुणापुढे म्हणाले ते आजच तारखेनिशी घरच्या वहीत लिहून ठेव, ऑफिसच्या लॅपटॉपवर नको.

तुझा व्हिसा. घाबरतेस यात गैर काही नाही. एच-वन-बीवर नोकरी गेली तर फार तर साठ दिवस हातात असतात, आणि रांगेत दहा वर्षं उभ्या असलेल्या माणसाला साठ दिवस म्हणजे काय ते मी आमच्या घरात पाहिलंय. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली भेदभावाला विरोध करणाऱ्यावर सूड उगवता येत नाही, आणि हे संरक्षण व्हिसावरच्या माणसालाही आहे. पण कायदा नंतर न्याय देतो, घरभाडं पहिल्या तारखेला द्यायचं असतं. म्हणून तर मी तुला प्रश्नाच्या सुरात मेल लिहायला सांगितली. “कुठल्या नियमाखाली?” असं विचारणाऱ्या टीम लीडला काढणं कंपनीला अवघड जातं. नवऱ्याला हे समजावून सांग. हिशेबी माणूस दिसतोय, त्याला पटेल.

ऑफिसातल्या दोन-तीन गोष्टी कुणाची परवानगी न घेता तुझ्याच हातात आहेत. रिसेप्शनवर सांग की टीममधलं कोण आलंय, कोण गेलंय हे फोनवर कुणालाच सांगायचं नाही. ‘कुणालाच’ म्हण, तिचं नाव घेऊ नकोस. तिने मनाई हुकूम घेतला तर त्यात ऑफिसचा पत्ता घालता येतो हे तिला ठाऊक असू दे. तिला हवं असेल तर पगार दुसऱ्या खात्यात वळवायचा फॉर्म काढून ठेव. आणि ते शिफ्टचं रोस्टर. तू लिहिलं नाहीस, पण बहुतेक ठिकाणी ते मोबाइलच्या ॲपवर असतं आणि ॲप घरच्या टॅब्लेटवरही उघडं असतं. ती मंगळवारी साडेचारला सुटते हे त्याला कसं कळतं, याचा विचार केलास का? तिला विचार, तिची वेळ बदलायची का, आणि बदललीस तर ॲपवर टाकायच्या आधी तिला तोंडी सांग.